डावा हात मोकळा झाल्यावर

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर असतो. दम द्यायचा, सूर तेवता ठेवायचा, एवढंच त्याचं काम. पिंपळगाव बसवंतला आमची बोटं याच शिस्तीत तयार झाली. काकडआरती, हरिपाठ, सप्ताह. गाणाऱ्याने ‘काळी एक’ म्हटलं की उजवा हात तिथे जाऊन बसायचा. पियानोसमोर मात्र डावा हात एकदम मोकळा होतो. पियानोसाठी रचना करायला शिकणं म्हणजे या मोकळ्या हाताला बोलतं करणं, असं माझं मत आहे.

पेटीवाल्याने चाली बांधणं आपल्याकडे जुनंच आहे. गोविंदराव टेंबे पेटीवादक होते आणि १९११च्या ‘मानापमान’चं संगीत त्यांचं. पण चालीला गळा मिळतो, तो सूर लांबवतो, मींड घेतो. पियानोत हातोडी तारेवर पडते तेव्हाच सूर सर्वांत भरलेला असतो. पुढे तो विरतच जातो. पेटीवर धरलेला गंधार भात्याने फुलवता येतो, इथे नाही. म्हणून विरणाऱ्या सुराखाली काय ठेवायचं, हा पियानोसाठी लिहिणाऱ्यापुढचा रोजचा प्रश्न.

भूप घ्या. सा, रे, ग, प, ध. उजव्या हातात गंधार आहे आणि डाव्याने खाली षड्ज दिला, की भूप निवांत बसतो. तोच गंधार ठेवून डाव्याने खर्जातला धैवत धरा. थोड्या वेळाने कान धैवतालाच षड्ज मानू लागतो आणि त्याच पाच सुरांतून धानी डोकावते. पंचम धरून बसलात तर दुर्गा. उजव्या हाताने एकही नवा सूर घेतलेला नसतो! मूर्च्छना आपण शिकलेलो असतो, पण इथे ती चालू रागाच्या पोटातच घडते. मी त्यामुळे खालचा षड्ज सोडताना फार जपतो. सोडायचा तर कारण हवं, आणि परत यायची वाट आधी ठरलेली हवी.

तयार कॉर्ड इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. सा-ग-प चालतं, ध-सा-ग चालतं. पण म-ध-सा आणि प-नि-रे या दोन जोडण्यांवर पाश्चात्त्य संगीताचा केवढा तरी डोलारा उभा आहे, आणि नेमक्या त्याच भूपात वर्ज्य असलेले मध्यम-निषाद घेऊन येतात. सुरांचे गठ्ठे करण्यापेक्षा दोन स्वतंत्र ओळी चालवणं आपल्या रागांना जास्त मानवतं.

त्यासाठी बाखच्या दोन आवाजांच्या १५ इन्व्हेन्शन्ससारखा गुरू नाही. १७२३च्या प्रतीवर त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय, की शिकणाऱ्याला दोन आवाज नीट वाजवता यावेत आणि रचनेची गोडी लागावी यासाठी हे आहे. उजव्याने म्हटलेलं डावा हात म्हणतो, तोवर उजवा पुढे निघालेला असतो. मी भातखंडे लिपीतच दोन ओळी एकाखाली एक लिहितो, मात्रेखाली मात्रा. कुठे दोन्ही हात उगाच एकदम बोलतायत ते डोळ्यांनाच दिसतं.

शिकणाऱ्यांना एक सांगणं आहे. ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर सुरुवात जरूर करा, पण वजनदार ८८ पट्ट्या मिळतील तिथे जाऊन आपली रचना वाजवून पाहा. बोटाच्या जोराप्रमाणे सूर किती वेळ टिकतो, हे कळल्याशिवाय लय ठरवता येत नाही.

सध्या मी जात्यावरच्या ओवीवर काम करतोय. बार्टोकने खेड्यापाड्यांतून लोकगीतं गोळा केली आणि ‘मिक्रोकॉस्मॉस’ या १५३ लहान रचनांत, पहिल्या धड्यांपासून, त्या वळणाचे सूर मुलांच्या हाताखाली दिले. आपल्या मुलांना ओवी तशी मिळावी, ही मनापासूनची इच्छा. डाव्या हाताला जात्याची फेरी दिली आहे. पण ओवी मोजलेल्या मात्रांत बसत नाही, शेवटचं अक्षर बाईच्या दमाप्रमाणे लांबतं आणि फेरी तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून उजव्या हाताच्या ओळीतले मात्रांचे दंड मी काढून टाकलेत, डाव्याचे तसेच ठेवलेत.