जुळलेल्या दाताचं वय

सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात बैलाचं वय कुणी विचारत बसत नाही, जबडा उघडून बघतात. आदत, दोनदाती, चौसा, सहादाती. इथवर दात खोटं बोलत नाहीत. आठही दात आले की बैल 'जुळला'. पुढचं वय झिजेवरून, म्हणजे निम्मं विकणाऱ्याच्या तोंडून. माणसाचंही तसंच. अक्कलदाढ विशीच्या आगेमागे येते. तोवर दात उगवण्याचं वेळापत्रक वाचता येतं, नंतर उरतो तो झिजेचा हिशेब. बेवारस मृतदेहाच्या कागदावरचं 'अंदाजे वय ४० ते ५०' हे वाक्य म्हणूनच मला मोघम वाटत नाही. त्या कागदावरची ती सर्वांत प्रामाणिक ओळ असू शकते.

गुस्टाफसनने १९५० मध्ये दाताच्या वयाच्या सहा खुणा सांगितल्या, त्यांतली पहिली झीज. पण झीज वर्षांची की भाकरीची? टाकी लावलेल्या जात्यावरच्या ज्वारीच्या पिठात दगडाची कच उतरते. त्यावर रोजची मिश्री असेल तर चाळिशीचे दात साठीचे दिसतील. मुळाची पारदर्शकता त्यापेक्षा भरवशाची. दंतिनातल्या सूक्ष्म नळ्या वयानुसार खनिजाने भरत जातात आणि मूळ टोकाकडून काचेसारखं होतं. तिथवर भाकरी पोचत नाही. लामेंदिन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एकमुळी दातांसाठी हिरडीची ओसर आणि ही पारदर्शकता जोडून सूत्र दिलं. त्यातला स्थिरांक २५.५३. म्हणजे दोन्ही खुणा शून्य असल्या तरी सूत्र कुणालाच पंचविशीच्या आत येऊ देत नाही! तरुण थोराड ठरतात, म्हातारे तरुण. फ्रान्समधल्या दातांवर बेतलेल्या या सूत्राची सरासरी चूक मूळ नमुन्यातच दहा वर्षांच्या घरात होती.

पोलिसांची अडचण खरी आहे: दहा वर्षांचा पट्टा दिला की बेपत्तांची नोंदवही निम्मी उघडावी लागते. दंतिनातल्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या रासायनिक बदलावरून चूक बरीच कमी होते, हेही खरं. पण जळालेल्या देहात उष्णतेने तोच बदल वेगाने होतो, आणि तशी प्रयोगशाळा जवळ असावी लागते. शिवाय रुंद पट्ट्याने काम वाढतं एवढंच. गोंदण, जुनं मोडलेलं हाड, डीएनए यांनी तो पुढे अरुंद करता येतो. अरुंद पट्टा चुकला तर या खुणा ताडून बघायची पाळीच येत नाही. कागदावर ठामपणे ४२ लिहिलं, की ५१ वर्षांच्या माणसाची तक्रार कुणी बाहेर काढत नाही.