रेस उतरत नाही

चेतकचं इंजिन रीबोअर होऊन आलं आणि कार्बोरेटर रुसला. निदान गल्लीचं मत तसं. जो थांबतो तो आधी स्कूटर आडवी करायला सांगतो (पुण्यात हा उपाय सर्वरोगहारी), मग जेट साफ करायला. जेट उजेडाकडे धरून पाहिला. आरपार स्वच्छ गोल भोक.

खूण वेगळीच आहे. इंजिन तापलं की ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नाही. चोक ओढला की गाडी शहाण्यासारखी चालते. प्लग पांढराफटक. म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं; मॅग्नेटोकडचं ऑइल सील गेलं असेल, तर हवा तिथून शिरते; कार्बोरेटरचा स्क्रू कितीही पिळा, उपयोग नाही. क्लचकडचं गेलं असतं तर गिअर ऑइल जळून पांढऱ्या धुराचे लोट निघाले असते. तसं काही नाही.

मिस्त्री म्हणतात, "मोठा जेट टाकू, भागेल." भागेलही चार दिवस. पण इथे ऑइल पेट्रोलातूनच येतं. पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी, आणि नवा पिस्टन जाम व्हायला एक चढ पुरतो. सील बदलेपर्यंत गाडी स्टँडवर. मॅग्नेटो काढायला पुलर मागून आणलाय, सील उद्या मिळेल.