जबानी कोणाची?

व्याकरणाचा आणि फांशीच्या दोराचा कांहीं संबंध असेल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. यान स्वार्त्विक या स्वीडिश अध्यापकांच्या कार्याची माहिती वाचतांना तो दिसला.

टिमथी एव्हन्स हा लंडनमध्यें मोटार हांकून पोट भरणारा, जवळजवळ निरक्षर मनुष्य. १९४९ च्या नोव्हेंबरांत त्याची बायको व तान्ही मुलगी यांचे खून झाले. पोलिसांनीं त्याची कबुली लिहून घेतली, आणि मुलीच्या खुनाबद्दल ९ मार्च १९५० रोजीं त्यास फांशी दिलें. तीन वर्षांनीं उघडकीस आलें कीं, ज्या शेजाऱ्याच्या साक्षीवर सारी भिस्त होती, तो जॉन ख्रिस्टीच अनेक बायकांचा खुनी! १९६६ सालीं एव्हन्सला माफी मिळाली; मेलेल्या माणसास माफी.

मग ती कबुली कोणाच्या तोंडची? स्वार्त्विकांनीं जबान्यांतील वाक्यें एकमेकांस कशीं जोडलीं आहेत याचे प्रकार पाडून मोजदाद केली, व १९६८ सालीं एक लहानसें पुस्तक छापलें. वादग्रस्त भागाची रचना उरलेल्या भागाहून निराळी पडत होती. आमच्या आजी पत्र सांगत व आम्ही लिहीत असूं. 'येणेंप्रमाणें वर्तमान' हे शब्द आमचे, 'अरे, जरा जिवाला जप' हे त्यांचे. मामा वाचतांना दोन्ही आवाज बरोबर ओळखीत. स्वार्त्विकांनीं तेंच आंकड्यांनीं केलें. मात्र मजकूर थोडा असल्यानें छातीठोक निकाल त्यांनीं दिला नाहीं. निरपराध मनुष्य फांशीं गेला असतां असा संयम राखणें सोपें नव्हे.

पुढें लुंड विद्यापीठांत त्यांनीं बोलक्या इंग्रजीचे सुमारें पांच लाख शब्द संगणकावर चढविले. गप्पा, टेलिफोनवरचें बोलणें, अडखळण्यासकट. 'सामान्य माणूस असें बोलतो काय?' याचें उत्तर अशा संग्रहांतून मोजून मिळतें.

डेरेक बेंटले १९५३ सालीं फांशीं गेला. त्याच्या ५८२ शब्दांच्या जबानींत 'मी मग' असा शब्दक्रम तीनदां येतो. लोक बोलतांना 'मग मी' म्हणतात. उलटा क्रम पोलिसी लिखाणांतला, हें बर्मिंगहॅमच्या माल्कम कोल्टहार्ड यांनीं असल्याच संग्रहावरून दाखविलें. १९९८ सालीं बेंटलेची शिक्षा रद्द झाली, तिचें मुख्य कारण न्यायाधीशांनीं ज्यूरीस केलेलें सदोष मार्गदर्शन. त्यासाठीं चाळीसांहून अधिक वर्षें झगडलेली त्याची बहीण आदल्याच वर्षीं वारली होती.