एकेचाळीस किलोमीटरवरची हवा

सिडकोतल्या गच्चीवर उकाड्यानं झोप येईना. वर बघत पडलो, अन् खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आठवले. १९६४ साली फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा वेगळाच सिद्धांत मांडला. विश्व महास्फोटातून जन्मलं, या सिद्धांताशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. पुरावे बहुतांशी पलीकडच्या बाजूला गेले, हेही खरं.

मला मात्र भावतो तो २००५चा फुगा. सूक्ष्मजीव अंतराळातून आले असतील का, ही हॉईल यांची कल्पना हसण्यावारी न्यायला किती सोपी! नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हैदराबादहून फुगा सोडला, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा पोलादी नळ्यांत भरून आणली. नळ्या आधी निर्जंतुक केलेल्या. जमिनीवरचा एखादा जंतू फुकटात वर जाऊन सगळ्यांना फसवायला नको! शिवाय नळ्यांभोवती द्रवरूप निऑनची कडाक्याची थंडी. (इथं गच्चीवर ती थोडी मिळाली असती तर!) जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या, एकीला हॉईल यांचंच नाव दिलं. पण त्या परग्रहावरच्याच, असं यातून ठामपणे सिद्ध होत नाही, हे इस्रोनं तेव्हाच सांगून टाकलं. एरवी आपल्याकडे एवढ्यावर गावजेवण घातलं असतं.