मुस्तफाचे मशीन

व्हिडिओ गेमचे दुकान म्हणजे पोरे बिघडण्याची जागा, असे आमच्या मोहल्ल्यात घरोघरी सांगितले जाई. आमच्या लहानपणी भिवंडीत अशी दुकाने गल्लोगल्ली होती. बाहेर यंत्रमागांची खडखड, आत पडद्यामागे अंधार आणि रुपयाला एक डाव. आम्ही म्हणजे दोघे भाऊ. एक उर्दू शाळेत शिकवतो, दुसरा टीव्ही दुरुस्त करतो.

तिथला सर्वांचा लाडका खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला. खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. पण आपल्याकडे तो 'मुस्तफा' म्हणूनच चालला. चार पात्रांपैकी एक मुस्तफा. सिनेमात आमच्या नावाचा माणूस बहुधा नायकाचा दोस्त, नाही तर गुंड असे. इथे तो स्वतःच नायक होता, आणि 'मुस्तफा माझा' म्हणून सगळ्या जातीधर्मांची पोरे भांडत. तेव्हा शब्दांत सांगता आले नसते, पण छाती फुगायची, एवढे खरे.

ती दुकाने बंद पडली. गेल्या वर्षी भंगारवाल्याकडे तसलेच एक मशीन दिसले. प्लायवूडला खालून वाळवी, जॉयस्टिक मोडलेली. पण काचेची पिक्चर ट्यूब शाबूत. अम्मी म्हणाल्या, "घरात जागा कुठं आहे?" तरी आणलेच.

वाचकहो, ही ट्यूब स्विच बंद केल्यावरही कित्येक हजार व्होल्टचा भार धरून राहू शकते. जाणकाराखेरीज कुणी तिला हात लावू नये. ते काम टीव्हीवाल्याने केले. बाकीचे सोपे निघाले, कारण १९८५ साली जपानमध्ये ठरलेले 'जामा' नावाचे मानक. एकच पट्टीदार जोडणी, दोन्ही बाजूंना २८ प्रमाणे ५६ जागा. त्यातूनच वीज, चित्र, आवाज, बटणे, सारे जाते. म्हणून जुना एका खेळाचा बोर्ड काढून त्याच जोडणीत अनेक खेळांचा बोर्ड बसतो. आधी मीटर लावून ५ व्होल्ट बरोबर मिळतात का, ते पाहिले. नवी बटणे लॅमिंग्टन रोडवरून आणली.

शाळेतली काही मुले बघायला आली. बटण दाबले की तार ग्राउंडला जोडली जाते आणि बोर्डाला हुकूम कळतो, हे त्यांनी स्वतः तारा जोडून पाहिले. बी.एड.च्या पाठ-टाचणात न मावणारा धडा होता तो. फळ्यावर सर्किट काढताना मागच्या बाकावर पेंगणारा एक मुलगा सोल्डरिंग मात्र आमच्यापेक्षा सफाईने करत होता.

मशीन चालू झाले, तेव्हा बहीण माहेरी आलेली होती. आमच्याहून दोन वर्षांनी मोठी. आम्ही तिच्याच खाऊच्या पैशांतले रुपये मागून नेत असू. त्या पडद्याच्या आत तिने कधी पाऊल टाकले नव्हते; मुलींनी तिथे जायचेच नसे. आम्हांला 'बिघडू नका' म्हणून सांगितले जाई, तिला सांगायचीही गरज कुणाला वाटली नव्हती.

आम्ही तिला म्हटले, "आपा, मुस्तफा घे." तिने दांडी फिरवून चारही पात्रे पाहिली आणि हॅना निवडली. दुकानात हॅनाला कुणी हात लावत नसे.

पहिल्याच टप्प्यात ती हरली. नाण्याच्या जागी आम्ही बसवलेले बटण तिने विचारून घेतले आणि पुन्हा दाबले. भाकऱ्या थापायला त्या रात्री आम्ही दोघे बसलो.