बाईसाहेब दक्षिणेस निघाल्या

उत्तरेहून सुखरूप घरी परतणे ही मराठी माणसाच्या इतिहासात जरा अवघडच गोष्ट ठरलेली आहे. १७६१ साली पानिपतावर गेलेले कितीतरी परतलेच नाहीत. त्याआधी, १६६६ साली, महाराज आग्र्याहून सुटले ते मिठाईच्या पेटाऱ्यात बसून, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मीही मेरठहून आग्र्यावरून साताऱ्याला आलो. सोबत आमचे दाजी होते, आणि मागच्या बाकावर, खिडकीच्या काचेला नाक लावून बसलेल्या बाईसाहेब.

बाईसाहेब म्हणजे लष्करातून निवृत्त झालेली नऊ वर्षांची, फिकट पिवळ्या रंगाची लॅब्राडोर कुत्री. लष्करात तिला नाव होते, नंबर होता. पण दाजींनी पहिल्या दिवसापासून तिला ‘बाईसाहेब’च म्हटले. फोनवर ते आक्काला सांगत, “बाईसाहेब जेवल्या, बाईसाहेब झोपल्या,” आणि पलीकडून आक्काचा सुस्कारा मला मागच्या बाकापर्यंत ऐकू येई.

दाजी स्वतः रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमधून २०१२ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. लष्करात घोडे, खेचरे आणि कुत्री सांभाळणारे हे दल. मेरठला त्याचे मोठे केंद्र आहे आणि कुत्र्यांचे शिक्षण तिथे १९६० पासून चालते. निवृत्त कुत्री आता इच्छुक माणसांना सांभाळायला देतात. अखेरपर्यंत नीट वागवीन, असे लिहून द्यावे लागते. दाजींनी तो कागद दोनदा वाचला आणि सही करताना जीभ दातांत धरली. चेकवर सही करतानाही ते इतके गंभीर नसतात.

आगगाडीने यायचे तर एक अख्खा पहिल्या वर्गाचा डबकावजा कप्पा घ्या, नाहीतर कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत घाला, अशी रेल्वेची रीत. “पाव्हणं, पेटीत घालायची हिला? त्यापरीस मीच बसतो पेटीत,” असे म्हणून दाजींनी जुनी बोलेरो काढली. महाराज पेटाऱ्यातून आले असतील. बाईसाहेब येणार नव्हत्या. दीड हजारांवर किलोमीटर दाजींनी एकट्याने गाडी हाकू नये, म्हणून आक्काने माझी नेमणूक केली होती.

दिल्ली-आग्रा रस्ता आता असा सरळ झाला आहे की त्याविषयी लिहिण्यासारखे काही उरले नाही. धोलपूर सोडून चंबळेचा पूल ओलांडला, तेव्हा मात्र प्रवासाला आल्यासारखे वाटले. दोन्ही अंगांना मातीचे ते उभे चिरलेले बेहड, जणू जमिनीला कुणी नखांनी ओरबाडले आहे. ग्वाल्हेरीला मी महादजींविषयी बोलायला तोंड उघडले, पण दाजींचे लक्ष बाईसाहेबांना पाणी पाजण्याकडे होते. वर्गातही माझे असे पुष्कळदा होते.

ह्या प्रवासात एक गोष्ट मला हळूहळू उमगत गेली. गाडी कुठेही थांबली की आधी बाईसाहेब उतरत. कडुनिंबाची सावली असो, ढाब्याची खाट असो, त्या जमिनीला नाक लावून चारी बाजूंनी एक फेरी घालत. तोवर दाजी उभे राहत आणि मलाही उभे करीत. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साठ लाखांच्या आसपास, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर, असे म्हणतात. आकडे असोत, चहा निवत असताना ते नाक शांतपणे आपले काम करते आहे, हे पाहणे वेगळे.

गुण्याला एका लॉजवाल्याने कुत्री आत घेणार नाही म्हणून सांगितले. मी खोलीत झोपलो. दाजी गाडीत तिच्याजवळ झोपले. सकाळी विचारले तर म्हणाले, “काश्मिरात असंच झोपायचो. तिचा श्वास शांत असला की आपुन निवांत. तिनं कान टवकारला की उठून बसायचं.”

इंदूरपुढे महूला त्यांनी न सांगता गाडी आत वळवली. बाबासाहेब १८९१ साली इथे जन्मले हे मला ठाऊक होतेच. दाजींच्या डोक्यात वेगळे होते. “सुभेदाराचा मुलगा,” ते एवढेच म्हणाले आणि स्मारकासमोर ताठ उभे राहून त्यांनी सलाम केला. रामजी सकपाळ फौजेतले सुभेदार. फौजी माणसाला हे नाते आधी आठवते.

खलघाटला नर्मदा ओलांडली, बिजासनीचा घाट उतरलो आणि पाट्या मराठी झाल्या. शिरपूरजवळ रस्त्याकाठी दिवाळीची दुकाने मांडली होती: पणत्या, आकाशकंदील, रांगोळीचे ढीग. आक्कासाठी कंदील घ्यावा म्हणून मी पुढे झालो. बाईसाहेब दाजींच्या डाव्या पायाशी चालत होत्या. तिसऱ्या दुकानासमोर त्या एकदम थांबल्या आणि खाली बसल्या. भुंकणे नाही, पंजा मारणे नाही. नुसत्या बसल्या, आणि समोरच्या खोक्यांकडे बघत राहिल्या.

माझ्या दंडाला असा हिसका बसला की मी दहा पावले मागे आलो. दाजींचा चेहरा मी ओळखला नाही. दुकानाकडे न बघता ते डाव्या-उजव्या बाजूची माणसे, रस्ता, गाड्या बघत होते. खोक्यांवर लक्ष्मीचे चित्र होते, आत फटाके. सोरा, गंधक, कोळसा. बाईसाहेबांना शिकवलेला वास तो हाच, आणि स्फोटकांपाशी दंगा करायचा नाही, गपचूप बसायचे, हा त्यांचा धडा.

दुकानदार हसू लागला. मीही हसणार होतो. पण दाजी गुडघ्यांवर बसले, खिशातून एक झिजलेला रबरी चेंडू काढला आणि तिला दिला. “शाबास. तिनं काम चोख केलंय, पाव्हणं. इनाम द्यायलाच पायजे.”

तापीच्या पुलावर येईतो ते बोलले नाहीत. मग बोलले ते समोर बघत. त्यांच्या हाताखाली आधी एक कुत्री होती, सहा वर्षे. ती अशीच एका पुलाच्या मोरीशी बसली होती, म्हणून मागचे अकरा जण घरी गेले. पुढे पाय अधू झाला. “मग तिचा कागद झाला,” दाजी म्हणाले.

कामाला निरुपयोगी ठरलेल्या कुत्र्यांना तेव्हा मरण देत असत. २०१५ साली माहितीच्या अधिकारातून हे लोकांपुढे आले, दिल्लीच्या उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, आणि रीत बदलली. त्याच वर्षी कुपवाड्यात मानसी नावाची लॅब्राडोर आणि तिचे हँडलर बशीर अहमद वार एकाच चकमकीत पडले. मानसीचे नाव पुढे लष्करी गौरवाच्या यादीत छापले गेले. दाजींच्या कुत्रीचे नाव कुठेच नाही. त्यांनीही ते मला सांगितले नाही. चेंडू मात्र तिचाच होता.

धुळे, नाशिक, पुणे मागे पडले. खंबाटकीचा घाट उतरून अंधार पडता गावी पोचलो. दाजींचा हा मुलूख फौजेला नवखा नाही. शेजारचे अपशिंगे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. आक्का भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभी होती. दाजी अंगणातच थांबले. बाईसाहेबांनी तुळशीवृंदावन हुंगले, गोठा हुंगला, आक्काच्या पायांवरून त्या घरात शिरल्या.

“अहो, आत या की!” आक्का म्हणाली.

“थांब,” दाजी म्हणाले.

माजघर, स्वयंपाकघर, देवघर, आतून भांडे पडल्याचा आवाज. मग बाईसाहेब बाहेर आल्या, दाजींच्या डाव्या पायाशी उभ्या राहिल्या आणि शेपटी हलवू लागल्या. आक्काने आधी भाकरतुकडा त्यांच्यावरून ओवाळला, मग आमच्यावरून, आणि आम्ही आत गेलो.