निवटीचा चिखल

उरणच्या खाडीला ओहोटी लागली की पाणी मागं सरकत जातं आणि समोर नुसता राखाडी चिखल उरतो. कडेला तिवरांची रांग, त्यापुढं झाड नाही की दगड नाही. सहावीच्या मुलांना घेऊन बांधावर उभा होतो, तेव्हा एकानं विचारलंच, "सर, इथं बघायचं काय?" म्हटलं, पाच मिनिटं गप्प उभे राहा. मुलं गप्प झाली आणि चिखलाला डोळे फुटले.

ती निवटी. आहे मासा, पण ओहोटीत पाण्याबाहेर जेवायला येते. डोळे डोक्याच्या माथ्यावर. ते सुकू लागले की खोबणीत आत ओढून ओले करून घेते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते, शिवाय ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही श्वास घेते. छातीचे पर कोपरांसारखे टेकवत सरपटते, आणि चाहूल लागली की शेपटीच्या झटक्यानं उडी.

आपल्याकडच्या मोठ्या निवटीचं शास्त्रीय नाव बोलिओफ्थाल्मस डुसुमिएरी. ही मान डावीउजवीकडे हलवत चिखलावरचा शेवाळी थर खरवडून खाते. अंगण झाडावं तशी दिसते. तिच्या लहान चुलत जाती मात्र शिकारी. किडे, बारके खेकडे पकडतात.

आपले कितीतरी लोक कुवेतला आहेत. तिथल्या उपसागराच्या चिखलातही ही निवटी आहे. स्थानिक लोक तिला अबू शलंबो म्हणतात. तिथं दाटीवाटीनं राहताना प्रत्येक निवटी आपल्या जागेभोवती चिखलाची बुटकी भिंत घालते. शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकींना भिडून पंचकोन, षटकोन तयार होतात. भूमितीच्या तासाला हे चित्र मी फळ्यावर काढतो. भिंतीआड पाणी साचून राहतं, म्हणजे भांडणही टळतं आणि ओलही टिकते.

खरी कमाल बिळात आहे. खोलवरच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, मग अंडी जगणार कशी? जपानच्या किनाऱ्यावरच्या एका जातीचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नर वर येऊन तोंडात हवा भरतो आणि अंड्यांच्या खोलीत नेऊन सोडतो. दिवसेंदिवस हेच काम. अंडी तयार झाली की रात्रीच्या भरतीला तीच हवा तोंडानं बाहेर काढतो. खोलीत पाणी शिरतं आणि पिल्लं बाहेर पडतात. बापाच्या मेहनतीची याहून सरळ गोष्ट मुलांना सांगायला मला सापडलेली नाही.

भरती आली नाही तर हे सगळं अडलं. म्हणून भरावच घालायला हवा असं नाही. बांध घालून पाणी तोडलं तरी चिखल सुकतो, भेगाळतो. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. त्या परिसरात रस्ते, गोदामं वाढली आणि कितीतरी खाजण भरावाखाली गेली. चिखलात कोपरापर्यंत हात घालून निवट्या धरणाऱ्या बायकांचं पोट त्याच खाजणांवर. तिवर तोडलं तर निदान खोड दिसतं, बोंब होते. उघड्या चिखलाला मात्र सगळे पडीक जागा म्हणतात, जरी किनारा नियमनाच्या नियमांत तोही संवेदनशील धरलेला आहे.

ठाणे खाडीचं नशीब थोडं बरं. फ्लेमिंगोंसाठी ती २०१५ साली अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर यादीत गेली, आणि पक्ष्यांच्या आडोशानं तिथल्या निवट्यांनाही छत्र मिळालं. मुलांना न्यायचं असेल तर ऐरोलीला वन विभागाचं केंद्र आहे. ओहोटीची वेळ आधी बघून निघा आणि चिखलात उतरू नका, पाय मांडीपर्यंत रुततो.